उंबरणीची अटळ वेळ

पूर कधी सुरू झाला, असं कुणी विचारलं तर तुम्हीआम्ही आभाळाकडे बोट दाखवू. अ‍ॅडव्होकेट चारुशीला दळवी मात्र आधी विचारेल, की तुम्ही कुणाच्या बाजूचे? गेली एकोणतीस वर्षं ती विमा कंपन्यांची आपसांतली भांडणं लढवत होती, आणि पुराला सुरुवात असते तशी ती सोयीनं ठरवूनही देता येते, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

या भांडणांची गोम समजायला सोपी आहे. आपण जसा घराचा विमा उतरवतो, तशी विमा कंपनीही आपल्याहून मोठ्या कंपनीकडे स्वतःचा विमा उतरवून ठेवते. त्याला म्हणतात पुनर्विमा. दर संकटामागे नुकसानीचा पहिला वाटा विमा कंपनीनं सोसायचा आणि त्यावरचं पुनर्विमा कंपनीनं. म्हणजे संकट एक की दोन, यावर सगळं येऊन अडतं. दोन ठरली की विमा कंपनीला पहिला वाटा दोनदा सोसावा लागतो. म्हणून करारात एक कलम घातलेलं असतं, की सलग बहात्तर तासांत जे बुडालं ते एकाच पुरात बुडालं असं धरायचं. नदीला हे कलम कुणी वाचून दाखवलेलं नसतं, त्यामुळे वकिलांची पोटं भरतात.

चारुशीलानं २०३४ साली एका विमा कंपनीतर्फे दोन तालुक्यांतले पूर एकच असल्याचं सिद्ध केलं होतं, आणि तीन वर्षांनी एका पुनर्विमा कंपनीतर्फे अगदी तसलेच पूर दोन असल्याचं. दोन्ही निकाल तिच्या फोर्टमधल्या ऑफिसात एकाच भिंतीवर टांगलेले होते. त्यात तिला काही वावगं वाटत नसे.

२०४० साली तिच्याकडे सोनारी-वडखेडचं प्रकरण आलं, आणि या वेळी समोर माणूस नव्हता, यंत्र होतं. आदल्या वर्षीच्या वादळात सोनारी हे शहर मंगळवारी सकाळी सहाला बुडालं. त्याच नदीवर खाली असलेलं वडखेड बुडालं शुक्रवारी दुपारी एकला. बहात्तर तास शुक्रवारी सकाळी सहालाच संपले होते. चारुशीला होती परदेशी पुनर्विमा कंपनीच्या बाजूनं. तिच्या हिशेबी काम सरळ होतं: बहात्तर तास उलटून गेले, पूर दोन, विषय संपला. पण विमा कंपनीनं डॉ. नूरजहाँ शिकलगार यांचा तीनशे पानांचा अहवाल पुढे केला. अहवाल म्हणत होता, की वडखेडला पाणी शुक्रवारी शिरलं असेल, पण ते शिरणार हे गुरुवारी संध्याकाळी पाचलाच पक्कं झालं होतं. नुकसान तेव्हाच घडलं, म्हणजे बहात्तर तासांच्या आत. पूर एकच.

डॉ. शिकलगार पुण्याच्या एका संशोधन संस्थेत हवामानाचं गणित करत. त्यांच्या यंत्राची कल्पना अशी. मोबाइलच्या प्रत्येक मनोऱ्यावर आता पाऊस मोजला जातो, आणि वर उपग्रहांची गर्दी आहे. त्यामुळे गेल्या वीस वर्षांतल्या कुठल्याही दिवसाची हवा जशीच्या तशी संगणकात पुन्हा उभी करता येते. तशी ती उभी करायची आणि तिचे दहा हजार जुळे काढायचे. प्रत्येक जुळ्यात एखादा बारीकसा फरक ठेवायचा: कुठे समुद्र पाव अंशानं गार, कुठे वारा जरासा कललेला. मग सगळ्यांना पुढे चालू द्यायचं. काही जुळ्यांत पूर येतो, काहींत ढग बाजूनं निघून जातात. जुळे काढायची वेळ पुराच्या जितकी जवळ न्यावी तितके पूर टळणारे जुळे कमी होत जातात, आणि एका तासाला ते जवळजवळ संपतात. त्या तासानंतर हवेत काहीही फरक करा, पूर येतोच. त्या तासाला डॉ. शिकलगार यांनी नाव दिलं होतं, अटळ वेळ.

हे वाचून चारुशीलाचं डोकं चक्रावलं. आजवर ती कागदपत्रं, पंचनामे आणि साक्षीदार यांना धारेवर धरत आली होती. दहा हजार वादळांची उलटतपासणी घ्यायची कशी, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती पानं उलटत राहिली आणि परिशिष्टाशी येऊन थांबली. यंत्र भरवशाचं आहे हे दाखवायला डॉ. शिकलगार यांनी ते बारा जुन्या पुरांवर चालवून पाहिलं होतं. सातव्या ओळीत लिहिलं होतं: उंबरणी धरण, ऑगस्ट २०३१. अटळ वेळ, पहाटे एक वाजून चाळीस मिनिटं.

उंबरणीच्या धरणावर त्या रात्री अभियंता होता मुकुंद दळवी, चारुशीलाचा नवरा.

चौकशीच्या कागदांत ती रात्र दीड पानात मावली होती. धरण भरत आलं होतं. नियमाप्रमाणे दोन वाजता दारं उघडायला हवी होती. खाली नदीतल्या बेटावर भैरोबाची जत्रा होती, आणि तिथल्या धर्मशाळेत तीनशे माणसं झोपलेली. बेटावरून यायला एकच फरशी पूल, आणि दारं उघडली की पहिल्या पाच मिनिटांत तो पाण्याखाली जाणार. मुकुंदनं भोंगा दिला, माणसं पाठवली, आणि बेट रिकामं होईपर्यंत दारं उघडली नाहीत. ती उघडली पाच वाजून दहा मिनिटांनी. तोवर पाणी इतकं चढलं होतं, की सगळी दारं एकदम उघडावी लागली. साडेसहाला खालच्या निंबसर गावात लोंढा शिरला. नऊ माणसं गेली. समितीनं शेरा मारला: निर्णयास विलंब, तथापि अतिवृष्टी अभूतपूर्व असल्याने कोणासही दोषी धरता येत नाही.

मुकुंदनं वर्षभरात नोकरी सोडली. ठाण्याच्या घरात तो चांगला स्वयंपाक करी, बाजारहाट करी, चारचौघांत हसेही. पण रोज सकाळी सहाला तो मोबाइलवर राज्यातल्या सगळ्या धरणांची पातळी बघे आणि उंबरणीचा आकडा पुटपुटे. नऊ वर्षांत त्यात खंड पडला नव्हता. चारुशीला ते ऐकलं न ऐकलंसं करी. बोलायची वेळ आलीच तर ती त्याला समजावे, की पाऊसच तसा होता, होणारच होतं, तुझा काही दोष नाही. मुकुंद मान हलवे आणि विषय बदले. आणि आता तिच्या हातात शास्त्राचा पुरावा होता. एक चाळीसला सगळं ठरलं होतं. दोनला दारं उघडली असती तरी निंबसर बुडणारच होतं. चारुशीलाला रडू आलं, आणि रडता रडता लक्षात आलं, की हेच यंत्र खोटं पाडायचे पैसे तिनं घेतलेले आहेत.

नियमाप्रमाणे तिनं हा वाद ऐकणाऱ्या लवादाच्या अध्यक्षांना कळवलं, की परिशिष्टातली सातवी ओळ माझ्या नवऱ्याशी संबंधित आहे. विरुद्ध पक्षानं हरकत नसल्याचं लिहून दिलं. मनात मात्र हरकतींचा बाजार भरला होता. यंत्र खरं ठरलं तर नवरा सुटतो आणि अशील बुडतो. खोटं ठरलं तर उलट. दोन्ही बाजूंनी बोलायची तिला सवय होती, पण आजवर त्या बाजू दोन वेगवेगळ्या प्रकरणांत येत.

शेवटी रविवारी सकाळी चहा घेताना तिला राहवलं नाही. तिनं परिशिष्ट मुकुंदपुढे ठेवलं आणि सातव्या ओळीवर बोट ठेवलं. त्यानं चष्मा लावला, ओळ वाचली, मग मागची सगळी पानं वाचली. चारुशीला त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याचा चेहरा उजळेल असं तिला वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

"या जुळ्यांमध्ये दारं कधी उघडली?" त्यानं विचारलं.

तिला प्रश्नच कळला नाही. त्यानं समजावून सांगितलं. हवा दहा हजार वेळा बदलली, ते ठीक. पण धरणाच्या दारांचं काय केलं? प्रत्येक जुळ्यात ती पाच-दहालाच उघडली असं धरलं असेल, तर यंत्रानं एवढंच सांगितलं, की पाऊस असा पडणार होता आणि दारं उशिरा उघडणार होती. दोनला उघडली असती तर काय झालं असतं, याचा त्यात पत्ताच नाही. चारुशीलानं पानं उलटून पाहिली. दोनशे बाराव्या पानावर अगदी खाली, बारीक अक्षरात सापडलं: मानवी नियंत्रणाखालील घटक प्रत्यक्ष नोंदीनुसार स्थिर धरले आहेत.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. आणि त्याच क्षणी, लाज वाटावी इतक्या चटकन, तिच्यातला वकील जागा झाला. वडखेडच्या वरही बंधारा होता. त्याची दारं शुक्रवारी सकाळी आठला कुणीतरी ठरवून उघडली होती. यंत्रानं तेही आधीच पक्कं धरलं होतं. म्हणजे वडखेडचा पूर गुरुवारी पाचला अटळ नव्हताच. नवऱ्याच्या जखमेतून तिला आपल्या खटल्याची किल्ली मिळाली होती. तिनं त्या पानाचा कोपरा दुमडला, आणि तो कप विसळायला उठला.

बॅलार्ड इस्टेटमधल्या लवादाच्या दालनात तिनं डॉ. शिकलगार यांना तासभर इकडचं तिकडचं विचारलं आणि मग बंधाऱ्यावर आणलं. बंधाऱ्याची दारं उघडणं ही हवामानाची घटना आहे का? नाही. ती माणसानं उघडली? हो. तो माणूस ती उघडणार हे गुरुवारी संध्याकाळी तुमच्या यंत्राला कसं कळलं? डॉ. शिकलगार पन्नाशीच्या, बारीक चणीच्या बाई होत्या. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत.

"कळलं नव्हतं. आम्ही ते गृहीत धरलं," त्या म्हणाल्या. "माणूस काय करेल, याचे जुळे काढता येत नाहीत, मॅडम. पण दारं वेगवेगळ्या वेळी उघडून गणित पुन्हा करता येईल."

चारुशीलानं लगेच तशी मागणी केली. विरुद्ध पक्षाचा वकील उठून उभा राहिला, पण अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती काळसेकर, यांनी त्याला खाली बसवलं. मागणी रास्त आहे, ते म्हणाले. मात्र बदललेल्या यंत्रावर भरवसा ठेवायचा तर ते आधी जुन्या बाराही पुरांवर तसंच चालवून दाखवायला हवं. त्यांनी कागदावरून नजर उचलली आणि आवाज जरा खाली आणला.

"अ‍ॅडव्होकेट दळवी, यात सातवी ओळही येईल. मागणी कायम ठेवायची की मागे घ्यायची, ते उद्या सकाळी सांगितलंत तरी चालेल."

ती घरी कशी आली, हे तिला नीटसं आठवत नव्हतं. मागणी मागे घेतली तर अशिलाशी बेइमानी. कायम ठेवली तर नवऱ्याच्या डोक्यावर दहा हजार निकाल. काळसेकरांना सांगून प्रकरणच सोडावं, तर दुसरा कुणी वकील हीच मागणी करणार, मुद्दा आता उघड्यावर आला होता. तिनं एका कागदावर दोन्ही बाजू लिहिल्या, फाडल्या, पुन्हा लिहिल्या. जेवताना तिनं मुकुंदला सगळं सांगितलं.

मुकुंद भाकरी मोडत होता. मागणी मागे घेऊ नकोस, असं तो शांतपणे म्हणाला. आकडा आला की तो तूच मला सांग, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, एवढीच त्यानं अट घातली. हे तो मनापासून म्हणतोय, की तिच्या कामावर पाणी पडू नये म्हणून, ते तिला कळेना. दुसऱ्या दिवशी तिनं मागणी कायम ठेवली. आपण ती अशिलासाठी ठेवली, नवऱ्यासाठी ठेवली, की सवयीनं ठेवली, हेही तिला सांगता आलं नसतं.

सुधारित अहवाल यायला तीन आठवडे लागले. त्या दिवसांत दोघं भाजी, गॅस आणि शेजाऱ्यांची कुरबूर एवढ्यावरच बोलले. अहवाल ऑफिसात आला तेव्हा सहकाऱ्यांनी पेढे मागवले, कारण वडखेडचा निकाल पहिल्याच पानावर होता: बंधाऱ्याची दारं वेगळ्या वेळी उघडली तर पूर टळत होता. दोन पूर. चारुशीला जिंकल्यात जमा होती. ती परिशिष्ट घेऊन आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

सातवी ओळ आता लांबलचक झाली होती. दारं दोन वाजता उघडली असती, तर दहा हजारांपैकी आठ हजार सातशे जुळ्यांत पाणी निंबसरच्या सगळ्यात खालच्या घराच्या उंबऱ्यापर्यंतही पोचत नव्हतं.

टॅक्सीत बसल्या बसल्या तिचं डोकं कामाला लागलं. तेराशे वेळा तरी गाव बुडालंच असतं, हे आधी सांगावं. मग नदीपात्राची मोजणी जुनी होती, हे. दहा हजार हा आकडा कमी आहे, तज्ज्ञांत मतभेद आहेत, परिशिष्ट हा काही निकाल नसतो. ठाण्यात कोपरी येईपर्यंत तिच्याकडे सात मुद्दे तयार होते आणि सातही उत्तम होते. नवऱ्याला आपण या मुद्द्यांवर सोडवू शकू याबद्दल तिला शंका नव्हती.

दुपारचे चार वाजले होते. मुकुंद खिडकीशी बसून गवार निवडत होता. तिच्या हातातला लिफाफा त्यानं पाहिला आणि हात थांबवले. तिचे सातही मुद्दे कुठे गेले कोण जाणे.

"दोनला उघडली असती, तर निंबसर वाचलं असतं," ती म्हणाली. "शंभरात सत्त्याऐंशी वेळा."

"सत्त्याऐंशी?" मुकुंदनं विचारलं. "मला नव्वद वाटत होतं."

तो म्हणाला, की धरणात पाणी किती, येतंय किती, दारांतून जातं किती, हे त्याला त्या रात्रीही तोंडपाठ होतं. सिगारेटच्या पाकिटावर त्यानं गणित मांडलं होतं. अडीच वाजताच त्याला समजलं होतं, की थांबलो तर निंबसरला पाणी शिरेल. निंबसरला त्यानं फोन लावले, लागले नाहीत. आणि तो थांबला.

चारुशीला समोरच्या खुर्चीत बसली. तुला हे माहीत होतं, तर नऊ वर्षं बोलला का नाहीस, असं तिनं विचारलं. त्यात राग होता, आणि रागापेक्षा भीती जास्त होती.

"तू बोलू कुठे दिलंस?" मुकुंद म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "मी तोंड उघडलं, की तू म्हणायचीस, होणारच होतं. समिती तेच म्हणाली. निंबसरच्या सरपंचानंसुद्धा माझे हात धरून तेच सांगितलं. नऊ माणसं पावसानं नेली, तर मग बेटावरची तीनशेही पावसानंच वाचवली, चारू. मग मी तिथे होतो कशाला? नऊ जण माझ्यामुळे गेले. तीनशे माझ्यामुळे राहिले. दोन्ही मी केलंय. आणि तुम्ही सगळे मिळून मला सांगत होता, की मी काहीच केलं नाही."

त्याचे डोळे भरून आले होते, पण तो मोकळा दिसत होता. त्यानं केलं ते बरोबर की चूक, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं. तिनं विचारलंही.

"ते मला अजून कळलेलं नाही," तो म्हणाला. "पण ठरवलं होतं ते मी."

चारुशीलानं लिफाफा खाली ठेवला. अशिलाला काय म्हणायचंय हे न विचारता तिनं आयुष्यात एकही दावा लढवला नव्हता. आणि या एका माणसाचं वकीलपत्र तिनं आपल्याच मनानं घेतलं होतं, त्यानं न केलेला बचाव नऊ वर्षं मांडला होता, आणि त्यालाच आपली माया समजत राहिली होती. तिला त्याची क्षमा मागावीशी वाटली. पण मागायला गेलो तर पुन्हा आपणच बोलत राहू, असं वाटून तिनं तो विचार आवरला. तिनं गवारीचं ताट बाजूला सरकवलं आणि खुर्ची त्याच्या जवळ ओढली.

"सांग," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. मी मध्ये बोलणार नाही."

मुकुंदनं पंच्यानं हात पुसले. कुठून धरावं हे त्याला सुचत नव्हतं.

"पहिला भोंगा मी दोनला दिला," तो म्हणाला. "बेटावर कुणी हललंच नाही."